घरच्या सराउंड संगीतासाठी स्पीकर कसे निवडावेत

माझ्या पहिल्या सराउंड संचातले मागचे दोन स्पीकर मी हात आखडता घेऊन घेतले होते. पुढची जोडी भरदार, मनासारखी. मागून काय, नुसता सभागृहाचा घुमारा तर यायचा, असा हिशेब. मग एका मैफलीचं मल्टिचॅनल, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेलं, ध्वनिमुद्रण लावलं. गाणं छान झालं, ते संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. समोरच्या टाळ्या तळहातांच्या होत्या. मागे मात्र कुणीतरी कोरा कागद चुरगाळत बसलंय असं वाटत होतं.

टाळ्यांमध्ये जवळजवळ सगळ्या पट्टीचे आवाज एकाच वेळी असतात, त्यामुळे स्पीकरांच्या आवाजातला फरक त्या लपू देत नाहीत. चित्रपट बघताना हा फरक खपून जातो. मागून हेलिकॉप्टर गेलं, काच फुटली, आपलं लक्ष पडद्यावर. संगीतात तसं नसतं. सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आली, तिच्या मागोमाग डीव्हीडी-ऑडिओ आली. तेव्हापासून कितीतरी मल्टिचॅनल ध्वनिमुद्रणांत मागच्या स्पीकरांतून अख्खी वाद्यं वाजतात, कोरस गातो. अलीकडे स्ट्रीमिंगवर मिळणाऱ्या डॉल्बी ॲटमॉस या सराउंड पद्धतीच्या संगीतात तर हे सर्रास होतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे: संगीतासाठी सराउंड करायचं तर सगळे स्पीकर एका गळ्याचे हवेत. संख्या कमी चालेल, बारा गावचे बारा चालणार नाहीत.

पहिली पायरी: खोली आणि बसायची जागा

स्पीकरचे फोटो बघत बसण्याआधी मोजपट्टी काढा आणि कागदावर खोलीचा नकाशा करा. दारं, खिडक्या, कपाटं, सोफा, सगळं त्यात दाखवा. तुम्ही कुठे बसणार ते ठरवून तिथे फुली मारा. पुढचं सगळं त्या फुलीपासून मोजायचं आहे.

पुढचे दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्यापर्यंत. म्हणजे प्रत्येक स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर येतो. मागचे दोन मात्र अगदी पाठीमागे नसतात; तसे ठेवायची चूक फार जण करतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.७७५ या शिफारशीनुसार ते १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानांच्या बाजूला आणि किंचित मागे. कोनमापक लागत नाही. ११० अंश धरले आणि स्पीकर तुमच्यापासून दीड मीटरवर असला, तर तो कानांच्या रेषेच्या साधारण ५० सेंटीमीटर मागे येतो. दोन मीटरवर असला तर साधारण ७०.

इथेच बहुतेक घरांत गाडी अडते, कारण सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे स्पीकरला मागे जागाच उरत नाही आणि भिंतीलगत खालचे स्वरही फुगतात. सोफा निदान अर्धा मीटर पुढे ओढता येत असेल तर ओढा. पैसे न घालता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

पण अगदी खोलीच्या मध्यावरही बसू नका. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठराविक कंपनसंख्येचे आवाज अडकून घुमतात. पहिली कंपनसंख्या काढायची तर ध्वनीचा वेग, सेकंदाला साधारण ३४३ मीटर, खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचा. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत हे उत्तर सुमारे ४० हर्ट्झ येतं. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तो एक स्वर भिंतीपाशी ठणाणा करणार आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होणार. याच खोलीची रुंदी ३.४ मीटर असेल तर दुसरी घुमी ५० हर्ट्झच्या आसपास. खोली चौरस असली की दोन्ही एकाच आकड्यावर येऊन बसतात आणि त्रास दुप्पट होतो.

सुरुवातीला एक जुना ठोकताळा वापरा: बसायची जागा भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर. ४.३ मीटरच्या खोलीत मागच्या भिंतीपासून साधारण १.६ मीटर. पुढचे स्पीकर एकमेकांपासून २.२ मीटरवर ठेवले तर त्यांची तोंडं समोरच्या भिंतीपासून ८० सेंटीमीटर पुढे येतात आणि त्रिकोण जुळतो. ही जागा काही दगडावरची रेघ नव्हे. नंतर वीत-दोन वीत मागेपुढे सरकायचंच आहे.

दुसरी पायरी: किती स्पीकर?

विक्रेता सात, नऊ, अकरा म्हणेल. मी चारपासून सुरुवात करायला सांगेन: एकसारखे चार, दोन पुढे आणि दोन मागे. एकटेदुकटे ऐकणार असाल आणि त्रिकोणाच्या टोकावरच बसणार असाल, तर मधल्या स्पीकरवाचूनही गायक बरोबर मध्यभागी उभा राहतो. दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज आला की मेंदू तो मधून आला असं समजतो. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरच्या, सेटिंगमध्ये सेंटर (मधला) स्पीकर नाही असं सांगितलं की त्याचा आवाज डाव्या-उजव्यात वाटला जातो, काही हरवत नाही.

चार-पाच जण सोफाभर बसून ऐकणार असतील तर गोष्ट वेगळी. कडेला बसलेल्याला गायक जवळच्या स्पीकरात सरकलेला वाटतो. तिथे सेंटर हवाच.

छतावरच्या स्पीकरांचं काय? स्टुडिओत ॲटमॉस संगीत मिसळताना सहसा ७.१.४ अशी रचना धरतात, म्हणजे कानांच्या पातळीवर सात, एक सबवूफर (फक्त तळचे स्वर वाजवणारा स्पीकर) आणि वर चार. घरी ते सगळं करायला जाऊन खालच्या चार-पाचांचा दर्जा खाली येणार असेल, तर नको. खालचे पक्के करा, छताकडे पुढच्या वर्षी बघा. वरच्या दिशेने आवाज फेकून छतावरून परतवणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट, कडक छत लागतं. तिरक्या किंवा आवाज शोषणाऱ्या छताखाली ते फुकट जातात.

तिसरी पायरी: पुढची जोडी, कारण तीच सगळ्यांचा गळा ठरवते

उभे टॉवर की शेल्फवर मावणारे बुकशेल्फ? मोठ्या खोलीत टॉवरला पर्याय नाही असं ऐकवलं जातं. पण सबवूफर घेणारच असाल तर टॉवरमधला खोल बेस निम्मा वाया जातो, आणि मागे तसलेच दोन टॉवर उभे करणं कुणाच्याही घरात कठीण. लहान खोलीत तर ते नाकापेक्षा मोती जड. साडेपाच किंवा साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) चार-पाच सारखे बुकशेल्फ, हा संगीतासाठी मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. फक्त त्यांना शेल्फवर कोंबू नका. नाव काही असो, ते स्टँडवरच चांगले वाजतात. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा लहान पडदा, बसल्या जागी कानांच्या उंचीला यावा.

पेटीत मागच्या बाजूला भोक आहे का ते बघा. हे भोक, म्हणजे पोर्ट, खालच्या स्वरांना मदत करतं, पण भिंतीला चिकटवलं की आवाज घुमा होतो. भिंतीजवळच ठेवायला लागणार असेल तर बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट असलेला स्पीकर घ्या. काही कंपन्या पोर्टमध्ये घालायला फोमचा बोळा देतात. तो फेकून देऊ नका. बंद पेटीचा बेस खाली हळूहळू उतरतो, पोर्टवाल्याचा एका मर्यादेनंतर धाडकन कोसळतो. म्हणून सबवूफरशी सांधा जुळवायला बंद पेटी जरा सोपी जाते.

चौथी पायरी: तांत्रिक माहितीचं पान कसं वाचायचं

कंपनसंख्येचा पल्ला सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो: ४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. त्यापुढे उणे-अधिक ३ डेसिबल लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. एखादी कंपनी आवाज ३ डेसिबलने पडला तिथे रेघ मारते, दुसरी १० डेसिबलने पडल्यावर. दुसरीचा स्पीकर कागदावर मोठा दिसणारच.

संवेदनशीलता म्हणजे ठराविक विजेवर एक मीटरवरून किती डेसिबल आवाज येतो ते. ८५ आणि ८८ यांत फरक तीनचा दिसतो, पण तेवढ्याच आवाजासाठी ८५ वाल्याला दुप्पट वॅट लागतात. यातली एक मेख लक्षात ठेवा. मोजमाप बहुधा २.८३ व्होल्टवर करतात. ओहम हे स्पीकर विजेला करतो त्या रोधाचं माप. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ते बरोबर १ वॅट भरतं, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॅट. म्हणजे ४ ओहमवाल्याला ३ डेसिबल फुकट मिळतात, आणि ॲम्प्लिफायरवर ताण जास्त येतो तो वेगळाच.

आता वॅटचा हिशेब एकदाच करून टाकू. ८६ डेसिबलचा स्पीकर, तुम्ही ३ मीटरवर. मोकळ्या जागेत तिथे १ वॅटला साधारण ७६-७७ डेसिबल पोचतील. बंद खोलीत भिंतींच्या मदतीने थोडे जास्तच. १० वॅटला ८७, १०० वॅटला ९७. घरी मन लावून ऐकताना सरासरी ७५ डेसिबल धरली आणि ढोलाच्या ठोक्याला किंवा तुताऱ्यांच्या झंकाराला वर २० डेसिबलची मोकळीक दिली, तरी ९५. म्हणजे साठ-सत्तर खरे वॅट पुरेसे होतात. 'खरे' म्हणायचं कारण, रिसीव्हरच्या खोक्यावरचा आकडा बरेचदा दोनच चॅनल चालू ठेवून, कधी एकाच चॅनलवर मोजलेला असतो. सगळे चॅनल एकदम वाजले की तो खाली येतो. मंद संवेदनशीलतेचे ४ ओहमचे पाच स्पीकर आणि स्वस्त रिसीव्हर ही जोडी टाळा. आवाज वाढवला की तो फाटतो, आणि फाटलेल्या आवाजाने ट्विटर जळतात.

खरी किंमत मात्र कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज येतो ते दाखवणाऱ्या आलेखाची. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे अमेरिकेत ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. कोणता स्पीकर वाजतोय हे दिसलं नाही की बहुतेक ऐकणाऱ्यांची पसंती सारखीच निघते: समोरून सपाट, आणि बाजूंनीही त्याच वळणाचा, खाचखळगे नसलेला आवाज. स्पीकर दिसायला लागला की आकार, किंमत, नाव यांनी मतं फिरतात. या कामातून सीटीए-२०३४ नावाची मोजणीची पद्धत उभी राहिली. त्यात स्पीकरभोवती आडवं आणि उभं दर १० अंशांवर, एकूण ७० ठिकाणांवरून मोजतात. तुमच्या यादीतल्या स्पीकरचे असे आलेख मिळाले तर एकच बघा: समोरची रेघ आणि बाजूच्या रेघा एकमेकींना समांतर उतरतात की मध्येच एखादी दरीत पडते. पडत असेल तर तो स्पीकर एका जागी गोड आणि दोन हात बाजूला कर्कश लागेल.

पाचवी पायरी: सेंटर स्पीकरची गफलत

दुकानात सेंटर म्हणून जी आडवी पेटी दाखवतात तिच्यात बहुधा मध्ये ट्विटर आणि दोन बाजूंना दोन वूफर असतात. टीव्हीखाली मावावी म्हणून ती आडवी. बाजूला बसलं की एक वूफर कानाला जवळ, दुसरा लांब. दोघांचा आवाज मध्यम पट्टीत एकमेकांना खातो आणि गायकाचा गळा पोकळ होतो. दुकानातच ही परीक्षा करा. एकट्या सेंटरवर माणसाचा आवाज लावून समोरून बाजूला तीन पावलं चाला. गळा बदलला की पेटी बाजूला ठेवा.

सर्वांत चांगला सेंटर म्हणजे पुढच्या जोडीतलाच तिसरा स्पीकर, उभा. तो सुट्टा मिळतो का ते आधीच विचारा. जागेअभावी आडवीच पेटी घ्यायची तर त्याच मालिकेतली घ्या, आणि शक्यतो जिच्यात मध्यभागी ट्विटर व लहान मिड-रेंज (मधले स्वर वाजवणारा पडदा) एकावर एक बसवलेले असतात अशी.

सहावी पायरी: मागचे

चित्रपटांसाठी दोन दिशांना आवाज फेकणारे सराउंड स्पीकर विकतात, बायपोल आणि डायपोल. आवाज कुठून येतोय ते कळू नये हाच त्यांचा हेतू. मागे व्हायोलिन ठेवलेल्या ध्वनिमुद्रणात ते व्हायोलिन भिंतभर पसरतं. संगीतासाठी सरळ समोर वाजणारेच घ्या, पुढच्यांचे सख्खे भाऊ. तीच पेटी नाही जमली तर निदान त्याच मालिकेतली धाकटी, जिच्यात ट्विटर तोच आहे.

बिनतारी म्हणून विकल्या जाणाऱ्या मागच्या स्पीकरांनाही विजेची वायर लागतेच, हे घेतल्यावर कळून अनेकांचा हिरमोड होतो. प्लगची जागा नकाशात आधीच खुणावून ठेवा.

सातवी पायरी: सबवूफर

७.१.४ सारख्या नावातल्या '.१' वरून वाटतं की तो फक्त धडामधूमसाठी आहे. संगीतात त्या वेगळ्या चॅनलमध्ये फारसं काही नसतंही. सबवूफरचं खरं काम बाकी सगळ्या स्पीकरांचे तळचे स्वर आपल्याकडे घेणं. सांधा, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती कंपनसंख्या (क्रॉसओव्हर), ८० हर्ट्झवर ठेवा. तिथे ध्वनिलहर चार मीटरहून लांब असते आणि आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही. अगदी चिमुकले स्पीकर घेतले की हा सांधा १२० किंवा १५० वर न्यावा लागतो, आणि मग पुरुषाच्या आवाजाचा तळ खोलीच्या कोपऱ्यातून येऊ लागतो. बुकशेल्फचा आग्रह मी धरला त्यामागे हेही कारण आहे.

वूफरच्या इंचांपेक्षा आवाज कुठे थांबतो ते ऐका. डग्ग्यावर घुमारा काढून हात दाबला की स्वर तिथेच मिटायला हवा. सबवूफर त्यानंतरही गुरगुरत राहिला तर तो खोलीला जड आहे किंवा चुकीच्या कोपऱ्यात आहे.

कोपरा शोधायची पद्धत थोडी हास्यास्पद दिसते, पण लागू पडते. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बास गिटारची वरखाली चालणारी धून लावा आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगा. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतील. माझ्याकडे ज्या जागी तो सगळ्यांत चांगला वाजत होता तिथे नेमकं दार उघडत होतं, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर समाधान मानलं.

आठवी पायरी: दुकानात ऐकताना

स्वतःचं, पाठ असलेलं संगीत न्या. चार तुकडे पुरतात: तानपुरा, एक पुरुषाचा आणि एक बाईचा गळा वाद्यांच्या गर्दीशिवाय, पियानो, आणि टाळ्या असलेलं मैफलीचं ध्वनिमुद्रण. तानपुऱ्याची जवारी ऐकताना ट्विटर सच्चा आहे की नुसता चमकतोय ते लगेच कळतं. चमकणारा पाच मिनिटं आवडतो आणि तासाभराने डोकं उठवतो.

दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा करून मागा. डेसिबलभर मोठा वाजणाराही कानाला उगाच सरस वाटतो, आणि ही गोष्ट विकणाऱ्याला चांगली माहीत असते. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप तुलनेपुरतं पुरतं. शक्य असेल तर एक जोडी घरी नेऊन ऐकण्याची अट घाला, कारण दुकानाची खोली तुमच्याबरोबर घरी येत नाही.

नववी पायरी: जोडणी

वायरवर पैसे उधळू नका. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१४ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो नगण्य आहे.

लाल-काळं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. एक स्पीकर उलटा जोडला गेला की बेस पातळ होतो आणि मधला गायक डोक्याभोवती कुठेतरी तरंगू लागतो. भिंतीतून आलेल्या वायरी ओळखू येत नसतील तर ॲम्प्लिफायरकडचं टोक सोडवून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. सेलच्या धन टोकाला लागलेली वायर स्पीकरच्या लाल टोकाची असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आत गेला तर उलटी. हे फक्त साध्या स्पीकरांसाठी. आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्यांवर करू नका.

रिसीव्हरबरोबर आलेला माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीला ठेवून स्वयंचलित मोजणी करून घ्या आणि मग तिचे आकडे तपासा. सगळे स्पीकर 'लहान' (म्हणजे त्यांचे तळचे स्वर सबवूफरकडे जातील) आणि सांधा ८० हर्ट्झ हे हातानेच नोंदवा. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, नाहीतर तीच गाळणी दोनदा लागते. स्पीकरांची अंतरं मोजपट्टीशी जुळायला हवीत, कारण ३४ सेंटीमीटरची चूक म्हणजे एक मिलिसेकंदाचा उशीर. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर मात्र दुरुस्त करू नका. त्याच्या आतल्या सर्किटचा उशीर मोजणीने त्यात धरलेला असतो.

समोरची भिंत उघडी आणि फरशी गुळगुळीत असेल तर गालिचा पसरा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कुणाला तरी आरसा धरून सरकवायला सांगा. तुम्ही बसल्या जागेवरून आरशात पुढचा स्पीकर दिसला, त्या ठिकाणी जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आणा.

मग टाळ्यांचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावा आणि डोळे मिटा. एखाद्या बाजूचे लोक जरा जास्तच उत्साही वाटले तर त्या स्पीकरचा आवाज अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने उतरवत जा, तो स्पीकर आहे हे जाणवेनासं होईपर्यंत.